नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर नेमके किती आणि विमानाला वेळ किती?

वणाकाठ
नमस्कार. आमचे गाव हिंगणघाट तालुक्यात, वणा नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. माझी धाकटी बहीण सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. एप्रिलमध्ये तिचे बाळंतपण आहे आणि त्यासाठी आई-बाबा दोन महिने तिकडे जाणार आहेत. दोघांनीही आजवर विमान पाहिले ते वावरात उभे राहून, मान वर करून. तिकिटे काढून झाली, तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला : "इथून किती कोस पडते?"

मला वाटले, उत्तर मिनिटभरात मिळेल. प्रत्यक्षात एका ठिकाणी १३,१०० किलोमीटर सापडले, दुसऱ्या ठिकाणी १३,९०० आणि तिसऱ्या ठिकाणी १५,००० च्याही वर. वेळेचेही तसेच. तिकीट काढून देणाऱ्याने दिल्लीपासून सोळा तास सांगितले, पण तिकिटावर दिल्लीहून पहाटे ४ ला निघणे आणि त्याच तारखेला सकाळी साडेसातला पोहोचणे असे छापलेले आहे. ते वाचून आई म्हणाली की साडेतीन तासांचाच प्रवास आहे, उगाच एवढी काळजी करता. तिला मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात, त्यामुळे तिचा हा समज तसाच राहू देणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून जाणकारांना विनंती आहे. या तीन आकड्यांपैकी खरा कोणता, ते एकमेकांशी का जुळत नाहीत आणि घरातून निघाल्यापासून बहिणीच्या दारात पोहोचेपर्यंत किती तास धरायचे, हे कृपया सविस्तर सांगावे. बाबा सातवीपर्यंत शिकलेले आहेत. सांगितलेले त्यांना समजते, पण पटल्याशिवाय ते मान्य करत नाहीत.

नकाशावेडा
वणाकाठ, तुम्हाला सापडलेले तिन्ही आकडे खरे आहेत. ते तीन वेगवेगळ्या गोष्टींची अंतरे आहेत, इतकेच. आपल्याकडचे उदाहरण घ्या. नागपूर ते मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे आणि तो महामार्ग ठाणे जिल्ह्यात संपतो, मुंबई त्याच्याही पुढे राहते. विमानतळापासून विमानतळापर्यंत सरळ रेघ धरली तर ६८५ च्या आसपास भरते. आता यांतले खोटे कोणते म्हणायचे?

तुमचा पहिला आकडा, १३,१०० चा, म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरून नागपूर आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन विमानतळांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ही रेषा दिसतच नाही. तिथे आपण पट्टी ठेवली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून अमेरिकेला टेकते, आणि त्या वाटेने खरोखर गेले तर साडेएकोणीस हजार किलोमीटर होतील. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग ताणावा लागतो, म्हणून नकाशावरची सरळ वाट लांबची ठरते आणि जवळची वाट वाकडी दिसते.

जवळची वाट उत्तरेकडून जाते. नागपूरहून निघून नेपाळ, तिबेट, चीन, मंगोलियाची पश्चिम बाजू, सायबेरिया असे करत ती रेषा ७२ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते, तिथला गोठलेला समुद्र ओलांडते आणि अलास्कावरून खाली उतरते. तुमच्या शाळेत पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून बघा. बाबांना शब्दांपेक्षा तो दोरा लवकर पटेल.

आणखी एक गोष्ट मुद्दाम मोजून सांगतो. नागपूर-दिल्ली साधारण ८५५ आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,३८० असे धरले, तर एकूण १३,२३५ किलोमीटर होतात. थेट रेषेपेक्षा हे जेमतेम सव्वाशे किलोमीटर जास्त आहे. मुंबईमार्गे हीच बेरीज १४,२०० च्या घरात जाते आणि दोहामार्गे १५,८०० च्या पुढे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जायचे असेल, तर विदर्भातल्या माणसाला दिल्ली ही वाटेवरच आहे. आपल्याकडे परदेश म्हटला की आधी मुंबई गाठायची अशी जुनी सवय आहे, म्हणून हे लिहिले.

वणाकाठ
मनापासून आभार. पण मग एक शंका राहते. आखूड रेषा १२,३८० ची असताना विमान १३,९०० किंवा १५,३०० किलोमीटर का उडते? इंधन तर त्यांनाही विकतच घ्यावे लागते.

उत्तरवारा
मी उड्डाणांचे मार्ग आखण्याच्या कामात काही वर्षे काढली आहेत, म्हणून या शंकेचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पहिली अडचण तिबेटची. विमान साधारण ३५,००० फुटांवर, म्हणजे पावणेअकरा किलोमीटर उंचीवरून जाते, आणि त्या उंचीवर तिबेटचे पठार ओलांडणे अवघड नाही. पण कधी केबिनमधला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला काही मिनिटांत १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. तिबेटची जमीनच त्याहून उंच आहे. खाली यायला जागाच नसल्यामुळे दिल्लीची विमाने सरळ उत्तरेकडे न जाता हिमालयाला वळसा घालतात. पश्चिमेकडून वळले तर पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि मध्य आशिया लागतो. पूर्वेकडून वळले तर म्यानमार, चीन, जपान आणि पुढे पॅसिफिक.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि सारा हिशेब इथेच फिरतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा वाऱ्याचा एक अरुंद, वेगवान पट्टा असतो. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी २०० ते ३०० किलोमीटरपर्यंत जातो आणि जपानच्या आसपास तो फार जोरकस असतो. विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटरने उडत असते. तेच वारे पाठीशी असले तर जमिनीवरून पाहता ते हजाराच्या वर जाते, आणि समोरून आले तर सातशेवर येते. पुराच्या धारेबरोबर जाणारी नाव आणि धारेविरुद्ध येणारी नाव यांना लागणारा वेळ कधी सारखा नसतो.

याचे स्पष्ट उदाहरण २०१६ चे आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती आणि वारा समोरून. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर १५,३०० किलोमीटर झाले, म्हणजे १,४०० किलोमीटर वाढले, तरीही ते साडेचौदा तासांत पोहोचले. आधीच्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास कमी लागले. भागाकार केला तर ताशी १,०५५ किलोमीटर येतात. तुम्हाला सापडलेले दुसरे आणि तिसरे आकडे बहुधा याच दोन वाटांचे आहेत.

तिसरी गोष्ट आकाशातल्या हद्दींची. जमिनीला जशी धुऱ्याची हद्द असते तशी ती आकाशालाही असते, आणि ती बंद झाली की वळसा पडतो. पाकिस्तानची हवाई हद्द फेब्रुवारी २०१९ पासून त्याच वर्षीच्या जुलैच्या मध्यापर्यंत बंद होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद करण्यात आली. त्यामुळे पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या उड्डाणांचा वेळ वाढला आणि काहींना इंधनासाठी वाटेत उतरावे लागले. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या बहुतेक विमान कंपन्यांना रशियाचे आकाश बंद आहे, म्हणून त्यांची वाट आणखी वेगळी. त्यामुळे गेल्या वर्षीचा वेळ यंदा लागू होईलच असे धरू नका. तिकिटावर जो वेळ आज छापला आहे, तोच प्रवासाच्या आठवडाभर आधी एकदा पुन्हा पाहून घ्या.

इंधनाबद्दल तुम्ही विचारलेच आहे. बोइंग ७७७-३००ईआर या विमानाच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावते. पंपावर येणारा टँकर १२,००० लिटरचा धरला, तर पंधरा टँकर झाले. या भाराचा परिणाम असा की लांबच्या उड्डाणात बरेचसे इंधन हे पुढचे इंधन वाहून नेण्यातच खर्च होते. म्हणून मार्ग आखणारा माणूस किलोमीटर मोजत बसत नाही. त्या दिवशीचा वारा पाहून कमीत कमी वेळ कोणत्या वाटेने लागेल, हे तो शोधतो. तेच विमान सोमवारी एका वाटेने जाते आणि गुरुवारी दुसऱ्या.

शेवटी वेळेबद्दल. वेळापत्रकातला वेळ हा नुसता हवेतला वेळ नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा तो वेळ असतो, आणि त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर दारापर्यंत येणे हे सारे धरलेले असते. म्हणून वैमानिकाने 'पंधरा तास दहा मिनिटांत पोहोचू' असे जाहीर केले आणि तिकिटावर सोळा तास असले, तर त्यात काहीही चुकलेले नाही.

संत्राबाग
वणाकाठ भाऊ, मी काटोलकडचा. माझे काका-काकू दोन वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेला गेले होते. त्यांच्यावर जे ओढवले ते तुमच्या आई-बाबांवर ओढवू नये म्हणून लिहितो.

पैसे वाचतात म्हणून आम्ही त्यांची नागपूर-दिल्ली आणि दिल्ली-अमेरिका अशी दोन वेगवेगळी तिकिटे काढली होती. महिना जानेवारीचा होता. दिल्लीत धुके पडले आणि नागपूरचे विमान अडीच तास उशिरा सुटले. काका-काकू दिल्लीत उतरून सामानाच्या पट्ट्याजवळ उभे असतानाच पुढच्या विमानाचे दार बंद झाले. तिकिटे वेगळी असल्यामुळे दुसऱ्या कंपनीने जबाबदारी घेतली नाही आणि नवी तिकिटे काढावी लागली. पैसे गेले ते गेलेच. पण काकूंनी रात्रभर खुर्चीवर बसून, हातातली पिशवी एकदाही खाली न ठेवता सकाळ केली, ते आठवले की अजूनही वाईट वाटते. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय करणे कंपनीकडे राहते आणि सामानही बहुतेक वेळा नागपूरहून थेट शेवटपर्यंत जाते. तुमचे तिकीट एकच आहे का, हे आजच पाहा.

आता आईंच्या साडेतीन तासांबद्दल. तिकिटावरची प्रत्येक वेळ ही त्या त्या गावची असते. एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोची घड्याळे आपल्या साडेबारा तास मागे असतात आणि नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत साडेतेरा तास. तिथली सकाळची साडेसात म्हणजे आपली रात्रीची आठ. पहाटे ४ ते रात्री ८ हे सोळा तास झाले. हिशेब नेहमी आपल्या घड्याळात करायचा, म्हणजे चूक होत नाही. येताना याच्या उलट होते. तिथून सकाळी १० ला निघालेले आणि साडेसोळा तास उडालेले विमान दिल्लीला दुसऱ्या दिवशी दुपारी ३ ला टेकते. आम्ही काकांना आणायला एक दिवस आधीच विमानतळावर जाऊन आलो होतो, कारण तारीख कोणीच नीट मोजली नव्हती.

दारापासून दारापर्यंतचे गणित मांडतो. तुमच्या गावाहून दुपारी अडीचला निघून हिंगणघाटमार्गे नागपूर विमानतळावर पाचपर्यंत पोहोचणे. साडेसातचे विमान, दिल्लीत सव्वानऊ. पहाटे चारला पुढचे विमान. आपल्या घड्याळात रात्री आठला ते तिथे उतरेल. तपासणीची रांग, सामान आणि मोटारीचा रस्ता यांना तीन तास. म्हणजे दुसऱ्या दिवशी रात्री अकराला ते बहिणीच्या दारात असतील आणि तिकडे सकाळचे साडेदहा वाजले असतील. एकूण साडेबत्तीस तास, त्यांपैकी विमानात पावणेअठरा. जवळजवळ निम्मा वेळ जमिनीवर, रांगेत आणि खुर्चीत जातो. म्हाताऱ्या माणसांचा जीव त्याच अर्ध्यात थकतो. दिल्लीतले जवळपास सात तास जास्त वाटले तरी ते कमी करू नका. चाकाच्या खुर्चीची सोय तिकीट काढतानाच मागता येते, ती मागा. त्यात कमीपणा काही नाही.

रातराणी
आईंच्या गोळ्यांबद्दल एवढेच सांगते की, डॉक्टरांना 'सोळा तासांचा प्रवास' असे न सांगता 'साडेबत्तीस तास आणि साडेबारा तासांचा घड्याळाचा फरक' असे सांगा, आणि कोणत्या जेवणाबरोबर कोणती गोळी घ्यायची ते त्यांच्याकडूनच मराठीत लिहून घ्या. औषधे सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. विमानात दर दोन-तीन तासांनी उठून चार पावले चालावे. एका जागी बसून पायांत रक्त साकळण्याचा धोका इतक्या लांबच्या प्रवासात खरोखर असतो.

पाटीपेन्सिल
मी हिंगणघाटचाच, भूगोलाचा निवृत्त शिक्षक. धागा आपल्या तालुक्यातून निघाला आहे, त्यामुळे एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अंतर मोजण्याच्या विद्येतले एक थोर नाव आपल्या गावाच्या मातीत आहे. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, म्हणजे त्रिकोण जोडत देश मोजण्याच्या कामाचा, पाया घालणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला आणि त्याला इथेच पुरले. १८०२ मध्ये मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने साडेसात मैलांची पहिली रेषा मोजून त्याने काम सुरू केले. तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो दक्षिण भारतातून वर आला आणि नागपूरकडे जाताना इथे थांबला तो कायमचा. त्याचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेले. नागपूरचा शून्य मैलाचा दगड सर्वांना ठाऊक असतो. लॅम्बटनची कबर मात्र हिंगणघाटच्या पोरांनाही ठाऊक नसते, आणि नोकरीत होतो तोवर मी दरवर्षी एक वर्ग तरी तिथे नेत असे.

याचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. लॅम्बटनला नुसते गावांमधले अंतर नको होते. रेखावृत्तावरचा एक अंश नेमका किती लांब भरतो, हे त्याला ठरवायचे होते, कारण त्यावरून पृथ्वीचा आकार कळतो. विषुववृत्ताजवळ हा अंश सुमारे ११०.६ किलोमीटरचा असतो आणि ध्रुवाजवळ सुमारे १११.७ चा, कारण पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. म्हणून पृथ्वी पूर्ण गोल मानून केलेला हिशेब आणि चपटेपणा धरून केलेला हिशेब यांत हजारो किलोमीटरच्या अंतरावर दहा-वीस किलोमीटरचाही फरक पडतो. नकाशावेडा यांनी 'साधारण' हा शब्द वापरला आहे, तो योग्यच आहे.

वणाकाठ
सर्वांचे आभार. चार दिवसांनी लिहीत आहे, कारण सांगितलेले करून पाहायचे होते.

तिकीट एकच निघाले, त्यामुळे संत्राबाग यांची भीती आम्हाला लागू नाही. चाकाच्या खुर्चीची मागणी दोघांसाठी नोंदवली. बाबा आधी नको म्हणत होते. रांगेत किती वेळ उभे राहावे लागेल हे ऐकल्यावर त्यांनी आईकडे पाहिले आणि होकार दिला. गोळ्यांचा कागद डॉक्टरांकडून लिहून आणला.

रविवारी मुख्याध्यापकांना विचारून जिल्हा परिषद शाळेतला पृथ्वीगोल घरी आणला. तो ३० सेंटीमीटर व्यासाचा आहे. आधी आईने कापसाचे सूत दिले, पण ते ताणले की लांबत होते, म्हणून पोत्याची सुतळी सोडवून तिचा एक पदर घेतला. मी नागपूरवर बोट धरले आणि बाबांनी दुसरे टोक सॅन फ्रान्सिस्कोवर धरले. त्यांनी पहिल्यांदा सुतळी नकाशात दिसते तशी आफ्रिकेवरून नेली. ती सेहेचाळीस सेंटीमीटर भरली. मग त्यांनी ती सैल सोडून हळूहळू वर सरकवायला सुरुवात केली, आणि जसजशी ती वर जाईल तसतशी त्यांच्या हातात जास्तीची सुतळी जमू लागली. ध्रुवाच्या खिळ्यापासून साडेचार सेंटीमीटरवर, सायबेरियाच्या पलीकडे, ती घट्ट बसली. एकतीस सेंटीमीटर. बाबांनी दोन्ही लांब्या पुन्हा एकदा, माझा हात बाजूला करून, स्वतः मोजल्या.

मी त्यांना सांगितले की एका सेंटीमीटरचे सव्वाचारशे किलोमीटर होतात, म्हणजे एकतीस सेंटीमीटरचे आपल्या हिशेबाने चार हजारांहून थोडे जास्त कोस. त्यावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले की त्यांच्या वडिलांबरोबर कापसाची बंडी घेऊन ते हिंगणघाटच्या बाजारात जात, तेव्हा कोस कोणी विचारत नसे; रात्रीच्या जेवणानंतर बैल जुंपले की उजाडता बाजार येतो, एवढेच सांगत. नदीला पाणी असले की तीच वाट दुपारपर्यंत चाले.

उत्तरवारा यांना एक शेवटचे विचारायचे आहे. परतीचे तिकीट ३० मेचे आहे, कारण मृगाच्या आधी बाबांना वावरात असायचे आहे. येताना पॅसिफिकवरचा तो वारा समोरून लागणार. मग त्या दिवशी विमान कोणत्या वाटेने आणतात, हे आम्हाला इथे बसून आधी कळू शकते का?

उत्तरवारा
मार्ग उड्डाणाच्या काही तास आधी, त्या दिवशीचे हवामान पाहून ठरतो, त्यामुळे आठवडाभर आधी तो कोणालाच सांगता येत नाही. मात्र विमान उडाल्यावर उड्डाणे दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर उड्डाणाचा क्रमांक टाकला की ते कुठे आहे, किती उंचीवर आहे आणि जमिनीवरून किती वेगाने चालले आहे हे बहुतेक वाटभर दिसते. समुद्रावर आणि ध्रुवाकडे काही वेळ चिन्ह पुढे सरकत नाही, तेव्हा घाबरू नका. तिथे संदेश टिपणारी जमिनीवरची केंद्रे नसतात. मे अखेरीस तो वारा हिवाळ्याइतका जोरात नसतो आणि त्याचा पट्टा उत्तरेकडे सरकलेला असतो. वेग ९०० च्या खाली दिसला तर वारा समोरून आहे असे समजा, आणि दिल्लीला घ्यायला जाणाऱ्याला तारीख ३१ मे सांगा.